शंभरातला एक

"जरा सुरी देता का?"

एवढंच म्हणाला तो, आणि मी दिली. वाटलं, धिरडं कापून खायचं असेल. दिसायला शहाणा दिसत होता हो!

धिरडं राहिलं बाजूला. त्याने खिशातून एक चपटी गोळी काढली, माझ्या कांद्याची पात चिरायच्या फळीवर ठेवली आणि माझ्याच सुरीने — कट! — तिचे दोन तुकडे केले. मग दोनाचे चार. चौथा उडाला तो थेट चिरलेल्या पातीत जाऊन पडला.

माझं डोकंच सटकलं.

"अहो! काय चाललंय काय हे?"

"आं? गोळी... जरा मोठी आहे ना, म्हणून..."

"ही खायच्या जिनसांची फळी आहे! तुमचा दवाखाना नाही!"

तेव्हा कुठे मी त्याच्याकडे नीट पाहिलं. भुवयांपर्यंत ओढलेली निळी टोपी. मांडीवर औषधाच्या दुकानाची पांढरी पिशवी. अच्छा... म्हणजे टोपीवाला!

ग्वांगजांग बाजारात आमचं मुगाच्या धिरड्यांचं दुकान आहे आणि रस्ता ओलांडला की जोंगनो भागातली औषधांची दुकानं. केस गळणारे पुरुष अख्ख्या देशातून तिथे येतात. वर दवाखान्यात चिठ्ठी, खाली दुकानात गोळ्या, आणि मग भूक लागली की आमच्याकडे. शनिवारी तर आमच्या बाकावर ओळीने टोप्याच टोप्या. कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे खाली मान घालून खातात. म्हाताऱ्यांच्या लघवीच्या तक्रारीवरची मोठी गोळी त्याच औषधाची, पण स्वस्त पडते, म्हणून बरेच जण तीच नेतात आणि घरी तिचे चार तुकडे करतात. घरी! दुसऱ्याच्या फळीवर नाही.

आणि माझी वहिनी, जिला सहावा महिना लागला होता, ती नेमकी त्याच पातीत हात घालत होती.

"वहिनी, हात लावू नकोस!"

मी अशी किंचाळले की शेजारची नूडल्सवाली मावशी पळी हवेत धरून बघत राहिली. घाबरणारच ना मी! पलीकडच्या औषधाच्या दुकानातल्या बोंगबाई रोज दुपारी आमच्याकडे जेवतात. माझ्या दादाने हीच गोळी सुरू केली तेव्हा त्यांनी बजावलं होतं — अख्ख्या गोळीची भीती नाही, तिला वरून लेप असतो. पण तुटलेल्या गोळीची भुकटी पोटुशी बाईने हाताळायची नाही. पोटात मुलगा असेल तर त्याला अपाय होऊ शकतो.

हे सगळं मी त्या टोपीवाल्याला ऐकवलं. हळू आवाजात ऐकवलं असं मी म्हणणार नाही.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मला... खरंच माहीत नव्हतं."

"आत कागद असतो ना! वाचता येत नाही?"

तो उठला, वहिनीसमोर उभा राहिला आणि माफी मागायला कमरेतून पार खाली वाकला. आमच्याकडे माफी अशीच मागतात, जितका मोठा गुन्हा तितकं खाली. पण याचा गुन्हा फारच मोठा असावा, कारण तो इतका वाकला की त्याची टोपी सुटली आणि — बुळुक! — मुगाच्या पिठाच्या घमेल्यात पडली.

पुढून केस बरे होते. मागे मात्र मधोमध तळहाताएवढी जागा... विरळ, गुलाबी. आता टोपी उचलावी की डोकं झाकावं, हेच त्याला कळेना. एक हात डोक्यावर आणि दुसरा पिठात, असा उभा राहिला.

बाकावरच्या सगळ्या टोप्या आणखी खाली गेल्या. आणि मी? घमेलंभर पीठ वाया गेलं म्हणून आणखी भडकले. आई मूग आणायला घाऊक बाजारात गेली होती, म्हणून तरी तो वाचला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेले, तर हा आधीच हजर. हातात नवीकोरी फळी, बाह्या वर सारलेल्या.

"तुमचं पीठ वाया गेलं ना माझ्यामुळे. वाटून देतो."

"मूग वाटता येतात?"

"शिकवलंत तर येतील."

"मी शिकवत नाही. ओरडते."

"चालेल. माझ्या वर्गातल्या आज्याही ओरडतातच."

त्याचं नाव ग्युहान. पोहण्याच्या तलावावर आज्यांना शिकवायचा. मला हसू आलं, पण मी ते दाबलं. इतक्या लवकर हसायला मी काय स्वस्तात पडले होते?

"पोहायला शिकवता? मग ही सारखी टोपी...?"

"म्हणून तर ते काम धरलं," तो जात्यात मूग सोडत म्हणाला. "पाण्यात सगळ्यांनाच टोपी घालावी लागते. तिथे मी चारचौघांसारखा."

हसत म्हणाला तो. मी त्याची नवी फळी धुतली आणि माझ्या फळीशेजारी मांडली.

घमेलंभर पीठ त्याच दिवशी फिटलं. तरी तो येत राहिला. कधी मूग धुवायला, कधी उगाच. "आज काही कापायचंय का फळीवर?" मी विचारायची. तो म्हणायचा, "तुमची जीभ... पण सुरी पुरायची नाही." मी ओलं फडकं फेकून मारायची आणि तो ते झेलून, घडी घालून परत आणून द्यायचा. तव्याची वाफ आमच्या दोघांच्या मधे असायची आणि त्या वाफेतून तो बघायचा... चोरून. मी बघतेय हे कळलं की लगेच जात्याकडे वळायचा. अस्सा राग यायचा! बघायचं तर नीट बघ ना!

एक दिवस म्हणाला, "सोल्बी... आपण अरे-तुरे करूया का?"

"मी पहिल्या दिवसापासून करतेय. मनात. 'अरे गाढवा' म्हणून."

वहिनी एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं.

थंडी पडली तेव्हा आम्ही दुपारी चङग्येचॉन ओढ्याच्या काठाने चालायला जायचो. एकदा वारा असा बोचरा सुटला की माझे कान ठणकायला लागले. तो थांबला. इकडेतिकडे बघितलं — माणसं होती, चिक्कार होती. आणि त्याने स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली, कानांवर नीट ओढून.

"अरे... तुझं डोकं..."

"असू दे." पण त्याचे डोळे येणाऱ्या-जाणाऱ्यांवर होते. मग म्हणाला, "एकदा एका मुलीशी ठरवून भेट होती. चहाच्या दुकानात गरम झालं म्हणून मी टोपी काढली. ती हात धुवून येते म्हणाली... आली नाही. तिचा चहा आला, निवला, मी तिथेच बसलेलो."

मला त्या मुलीला शोधून काढून तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या! ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी टाचा उंच केल्या आणि त्याच्या गार पडलेल्या टाळूवर, बरोब्बर त्या तळहाताएवढ्या जागेवर, ओठ टेकले. भर दुपारी, भर रस्त्यात. तो कानापर्यंत लाल झाला. मग त्याने मला असं जवळ ओढलं... की टोपी पुन्हा खाली पडली. ती उचलायची दोघांनाही आठवण राहिली नाही.

*

आता आईचं सांगते, कारण खरी अडचण ती होती.

माझे वडील टोप घालायचे. नकली केसांचा. लग्न ठरलं, झालं, तरी आईला पत्ता नव्हता. लग्नानंतर जेजू बेटावर फिरायला गेले, तिथे समुद्रकाठी वारा सुटला आणि टोप उडाला. आई सांगते, तो सीगल पक्ष्यासारखा उडत गेला. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या श्राद्धाला जो फोटो मांडतो त्यातही त्यांनी टोपच घातलाय. आई फळं मांडते, दारू ओतते, फोटोपुढे डोकं टेकवते आणि उठताना दर वर्षी न चुकता म्हणते, "खोटारडा मेला."

आणि आम्हाला ऐकवून ठेवलेलं, "दादाचं झालं ते झालं. पण टकला जावई या घरात येणार नाही."

थंडीत सगळेच टोप्या घालतात, त्यामुळे ग्युहानचं निभावलं. आणि वसंत येईपर्यंत... केस आले हो! खरंच आले. गोळी लागू पडली. ती गुलाबी जागा काळी होत गेली. टोपी सुटली. तलावाच्या दारावर त्याचा फोटो लागला. आज्या म्हणायला लागल्या, "मास्तर, आमच्या नातीला बघा की!" चालता चालता तो दुकानांच्या काचेत बघायचा आणि स्वतःशीच हसायचा. आई म्हणाली, "मुलगा चांगला आहे. केस बघ कसे दाट!"

सगळं चांगलं. आणि त्याच दिवसांत माझा ग्युहान कुठेतरी हरवत चालला होता.

आधी चेष्टा बंद झाली. मी फडकं फेकायची, तो ते नुसतं बाजूला ठेवायचा. मग हात धरणं गेलं. त्याच्या खोलीवर मी आपणहून जवळ गेले तर पाठ थोपटायचा, आजारी माणसाची थोपटतात तशी, आणि "दमलोय गं" म्हणून कूस बदलायचा. दमलाय! आज्यांना पाण्यात हात हलवायला शिकवून दमलाय! मी नवं अत्तर लावून गेले, तर याला शिंका आल्या. घरी येऊन मी ते अत्तर बेसिनमध्ये ओतलं आणि ढसाढसा रडले.

गोळीचा संशय मला आला नाही का? नाही आला! दादा पाच वर्षं तीच गोळी खातोय, केसही शाबूत आणि वहिनीच्या मांडीवर धट्टंकट्टं बाळही. मग गोळीला कशी नावं ठेवणार? मला एकच कळत होतं — केस आले, आता याला मी पुरत नाही.

शेवटी एका दुपारी मी सरळ तलावावर गेले. वर्ग सुटला होता. दारावरच्या त्याच्या त्या हसऱ्या फोटोखालीच त्याला गाठलं.

"कोण आहे ती?"

"कोण?"

"ज्या आजीची नात असेल ती! नाव सांग. मी रडणार नाही, फक्त तुझ्या फोटोला मिशा काढीन."

"कोणी नाही, सोल्बी..." तो भिंतीला टेकला. ओल्या केसांतून पाणी गळत होतं. "दुसरी कोणी नाही. मलाच मी सापडत नाहीये. तू समोर येतेस, मला कळतं की तू आवडतेस... पण आत काही हलतच नाही. शरीर जणू माझं नाहीच. सकाळी उठावंसं वाटत नाही. मला वाटतं... गोळीमुळे होतंय हे."

"काहीतरीच! दादाला तर..."

"दादाला नाही होत. मला होतंय. आतल्या कागदावर लिहिलंय तसं. तूच म्हणाली होतीस ना, वाचता येत नाही का म्हणून. वाचलं मी."

"कधी?"

त्याने ओल्या केसांवरून हात फिरवला.

"ग्युहान, कधी वाचलंस?"

"थंडी संपताना."

आता मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थंडी संपताना! म्हणजे इतके महिने मी आरशापुढे उभी राहून माझ्यात काय कमी आहे ते शोधत होते, आणि याला माहीत होतं!

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार होतो? पुरुषाने हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी... मी तोलून बघत होतो. थोडे दिवस थांबू, आपोआप जाईल, केस तरी राहतील..."

"तोलत होतास! एका पारड्यात केस आणि एका पारड्यात मी. आणि मी हलकी भरले, असंच ना?"

"तसं नाही गं!"

"मग कसं?"

आणि मग तोही चिडला. मी त्याला चिडलेलं पहिल्यांदाच पाहिलं. "तुला नाही कळायचं! शाळेपासून मान खाली घालून चालतोय मी. भुयारी गाडीत समोरच्या काचेत डोकं दिसेल म्हणून दाराकडे तोंड करून उभा राहतो. आयुष्यात पहिल्यांदा आरशात बघून हसलो मी, सोल्बी. पहिल्यांदा! आणि तू म्हणणार, फेकून दे ती गोळी."

"मी फेकून दे म्हणाले का? म्हणाले का मी?" माझा आवाज फुटला. "केस ठेव, गोळी खा, नाहीतर डोक्यावर मूग पेर! पण मला सांग! पारड्यात मला घातलंस, तर काटा बघायला तरी बोलवायचं होतंस!"

आतून दोन आज्या डोकावल्या. एक म्हणाली, "मास्तर, माफी मागा हो. चूक कुणाची का असेना."

*

दुसऱ्या दिवशी मी त्याला धरून दवाखान्यात नेलं. तिथे माणसं बेकरीतल्या पावांसारखी आत-बाहेर करत होती. डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, "किती महिन्यांच्या देऊ?"

ग्युहानने तोंड उघडलं, मिटलं. मग एकदाचं बोलला. कान लाल, नजर चपलांवर, पण बोलला. मन उदास राहतं, इच्छा होत नाही, सगळं.

डॉक्टर लिहीतच म्हणाले, "असं फार थोड्यांना होतं. शंभरातल्या एखाद-दुसऱ्याला."

"मग त्यातला एक समोर बसलाय ना!" मी खुर्चीवरून उठलेच. "बाकीचे नव्याण्णव सुखात असतील हो, माझा दादाही त्यातच आहे. पण मला लग्न या एकाशी करायचंय! जरा मान वर करून बघा की त्याच्याकडे!"

लग्न हा शब्द आमच्यात तोवर कुणी उच्चारला नव्हता. ग्युहानने गर्रकन माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पेन खाली ठेवलं आणि मान वर केली.

मग मात्र माणूस नीट बोलला. "बंद करून बघा. बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मूळपदावर येतं. उदासी वाढली तर मात्र लगेच या, अंगावर काढू नका. पण आलेले केस जातील, ते मी थांबवू शकत नाही. वरून लावायचं औषध आहे, त्याचा गुण याच्याइतका येईलच असं नाही. काय गेलेलं चालेल, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं."

बाहेर पायरीवर आम्ही बसलो. समोरून टोप्या चालल्या होत्या, पांढऱ्या पिशव्या सांभाळत.

"तू खरंच म्हणालीस ते? लग्नाचं?"

"रागात म्हणाले."

"रागात तू खरंच बोलतेस," तो म्हणाला. मग हातातली पिशवी उघडून त्यातली उरलेली पाकिटं त्याने दुकानात नेऊन बोंगबाईंच्या टाकाऊ औषधांच्या डब्यात टाकली. शेवटचं पाकीट टाकण्याआधी त्याने ते एकदा उलटून पाहिलं. मी डब्याचं झाकण लावलं.

उन्हाळा निम्मा सरला तेव्हा मी फेकलेलं फडकं एकदा परत आलं. माझ्याच तोंडावर! मी ते हातात धरून वेड्यासारखी हसत उभी राहिले. मग एका संध्याकाळी चालता चालता त्याने माझं बोट धरलं, मग हात, मग... मग काय ते मी सांगणार नाही. माझा ग्युहान परत आला, एवढं पुरे.

आणि केस गेले. खोटं कशाला बोलू, त्याला वाईट वाटायचं. आंघोळीनंतर जाळीवरचे केस तो गुपचूप गोळा करायचा. तलावाच्या दारावरचा फोटो बदलला. मला कुणाचा राग आला ते सांगता येत नाही, पण राग आला. दादाचे दाट केस बघूनसुद्धा यायचा!

टोपी पुन्हा आली तसं आईने विचारलं, "उन्हाळ्यात टोपी का घालतो हा?" आणि आता तर दोन्ही घरच्यांची भेट ठरली होती. मुलीचे आणि मुलाचे आईवडील एकत्र जेवतात आणि लग्न पक्कं होतं, नाहीतर तिथेच मोडतं.

"आईपुढे उघड्या डोक्याने यायचं," मी त्याला म्हणाले. "लपवाछपवी नाही. काय व्हायचं ते होऊ दे."

"शपथ." त्याने करंगळीत करंगळी अडकवली आणि अंगठ्यावर अंगठ्याचा शिक्का मारला.

*

भेटीच्या दिवशी तो आला तो... दाट केस घेऊन!

मी बघतच राहिले. चटईवर त्याच्यासमोर बसले तेव्हा कळलं. केस नव्हते ते, काळी भुकटी होती. डबीतून टाळूवर शिंपडायची, की लांबून केस दाट दिसतात. मी डोळे वटारले. त्याने अगदी हळूच स्वतःच्या आईकडे खूण केली. त्याच्या आईच्या पर्समधून डबीचं झाकण डोकावत होतं. निघताना दारातच गाठलं असणार बाईंनी, आणि याच्याच्याने आईला नाही म्हणवलं नाही. करंगळीचा शिक्का गेला खड्ड्यात!

आई खुशीत होती. "काय सुरेख केस आहेत हो तुमच्या मुलाचे," ती त्याच्या आईला म्हणाली.

"आमच्या माहेरचे सगळे असेच," काकू खुशाल म्हणाल्या.

तेवढ्यात जेवण आलं. मधोमध रटरटणारा रस्सा, वाफेचे लोट, आणि खोली बंद. ग्युहान माझ्या आईला वाढायला त्या वाफेवर वाकला, कारण वडीलधाऱ्यांना धाकट्याने वाढायचं. तो घामाघूम झालेला. आणि त्याच्या कपाळावरून एक काळा ओघळ निघाला. सावकाश... भुवईपर्यंत आला. मागोमाग दुसरा.

आईचा चमचा हवेतच थांबला. मग तिने तो खाली ठेवला. तिचा चेहरा मला पाठ आहे, श्राद्धाच्या दिवशी फोटोपुढून उठताना तो तसाच असतो.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

काकू घाईने म्हणाल्या, "अहो, घाम आहे, उकडतंय ना..."

"काळा घाम?"

 माझ्या मनात आलं, संपलं सगळं. आणि इतका संताप आला त्याचा! आता तरी बोल, मेल्या... आता तरी!

ग्युहानने पळी खाली ठेवली. हात पुसायला दिलेलं ओलं फडकं उचललं आणि डोक्यावरून खसाखसा फिरवलं. पांढरं फडकं काळंकुट्ट झालं. तळहाताएवढी गुलाबी जागा, आता थोडी वाढलेली, सगळ्यांसमोर उघडी पडली.

"मला टक्कल पडतंय," तो म्हणाला. "गोळी घेत होतो, केस आले होते. वसंतात तुम्ही पाहिले ते खरे होते. पण त्या गोळीने माझं मन मेलं, आणि... आणि शरीरही. सोल्बीला जवळ घ्यावंसं वाटेना..."

त्याच्या वडिलांना रश्शाचा ठसका लागला. "अरे! जेवताना काय बोलतोस!"

"बोलू द्या बाबा. ते मी तिच्यापासून लपवलं आणि तिला रडवलं. मग गोळी सोडली. हे केस आता जातच राहतील. मला त्याचं वाईट वाटतं, वाटणारच. पण तिच्याजवळ बसलो की काही वाटतच नाही, ते त्याहून वाईट होतं. आज ही भुकटी लावायला नको होती. आईला नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. चूक माझी आहे."

आणि तो वाकला. चटईवर हात टेकून, पार खाली, माझ्या आईसमोर. या वेळी डोक्यावरून पडायला काही नव्हतं.

आईने त्या टाळूकडे पाहिलं.

"सोल्बीच्या बापाचा टोप उडाला," ती म्हणाली, "तेव्हा सगळ्यांना वाटलं मी टकलासाठी रडतेय. टकलाचं काय एवढं? मी म्हटलं, या माणसाने मला एवढं साधं सांगितलं नाही, तर अजून काय काय सांगणार नाही? आणि तसंच झालं. पुढे छातीत दुखायचं, तेही नाही सांगितलं. दोन महिने नाही सांगितलं." तिचा आवाज चिरकला. "सांगितलं असतं तर आज इथे बसून तुझ्या वडिलांशी दारू प्यायला असता."

मी आयुष्यात हे पहिल्यांदा ऐकत होते. दादाकडे बघितलं, तोही खाली मान घालून बसलेला.

आईने हात पुढे केला. "फडकं आण इकडे. त्याची स्वच्छ बाजू दे." ग्युहानने दिलं. तिने एका हाताने त्याची हनुवटी धरली, डोकं वाकडं केलं आणि कानामागे घासून पुसलं, लहान पोराला पुसतात तसं. "इथे राहिलंय. नीट पुसताही येत नाही."

मग ती काकूंकडे वळली. "मुलगा चांगला आहे तुमचा. उशिरा सांगितलं, जेवताना सांगितलं, नको ते सांगितलं. पण सांगितलं. डबी मात्र घरी घेऊन जा. लग्नाच्या फोटोत ती मला दिसता कामा नये. एका घरात खोटा फोटो एक पुरे."

काकूंनी पर्सची चेन लावली. दादाने माझ्या सासऱ्यांचा पेला भरला.

टेबलाखालून ग्युहानचा हात माझ्या हातावर आला. ऊबदार, घामेजलेला, घट्ट.

"रागावलीस?" तो कुजबुजला.

"प्रचंड."

"मग खरं बोल ना काहीतरी. रागात आहेस तोवर."

मी त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर भुकटीची एक रेघ अजून राहिलीच होती.

"आवडतोस मला," मी म्हणाले. "गाढवा." आणि मी ती रेघ अंगठ्याने पुसून टाकली, सगळ्यांदेखत.